विश्लेषण : चळवळीची गाणी कुठे गेली? तरुणाई उदासीन झाली की गाण्याखालची जमीनच सरकली?

दरवर्षी १ ऑगस्टला, अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीला, राज्यात चौकाचौकांत ‘माझी मैना’ लावली जाते. फलकांवर सगळ्या पक्षांचे नेते असतात, पुतळ्याला हार पडतात आणि थोड्या वेळाने तेच ध्वनिवर्धक डीजेच्या ठेक्यावर जातात. गर्दीत उभा असलेला एखादा जुना कार्यकर्ता मग हमखास म्हणतो, ‘आजच्या पोरांना कशाचंच काही पडलेलं नाही. नाहीतर असं गाणं पुन्हा का झालं नाही?’ प्रश्न योग्य आहे. मात्र त्याचे उत्तर पोरांच्या स्वभावात शोधणे कितपत बरोबर, हे तपासायला हवे.

आरोप नेमका काय?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला सुमारे सात दशके होत आली. त्या काळातली गाणी आजही लोकांना पाठ आहेत. त्यानंतर दुष्काळ, गिरणी संप, नामांतर, शेतकरी आत्महत्या, आरक्षण, स्पर्धा परीक्षांचे घोळ असे किती तरी प्रश्न आले. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले, गावापासून शहरापर्यंत सगळ्यांच्या ओठी बसलेले निषेधाचे एक मराठी गाणे सांगा म्हटले, तर बहुतेक जण अडखळतात. यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला, निषेधाचे संगीत संपत चालले आहे. दुसरा, ते संपत आहे कारण नवी पिढी मोबाइलमध्ये बुडालेली आणि स्वतःपुरती झाली आहे.

पहिल्या निष्कर्षात तथ्य आहे, जरी त्यात आठवणींची थोडी फसगत असली तरी. पन्नाशीच्या दशकातही शेकडो गाणी रचली गेली आणि विसरली गेली. टिकली ती मोजकीच, आणि आपण त्या निवडक गाण्यांशी आजच्या सरसकट गाण्यांची तुलना करतो. दुसरा निष्कर्ष मात्र पुराव्यावर टिकत नाही.

गाणी चळवळीत काय काम करत होती?

महाराष्ट्रात निषेधाचे गाणे ही करमणुकीची जोड नव्हती, ते चळवळीचे मुख्य साधन होते. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्याच प्रवाहातून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा गावाला ओळखीचा होता. त्याच साच्यात भटजी-सावकाराच्या फसवणुकीचा, शिक्षणाचा विषय घातला की अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही तो कळत असे. आंबेडकरी जलशांनी हेच काम आणखी पुढे नेले. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा आहे, असे बाबासाहेब म्हणत असल्याचे आजही आवर्जून सांगितले जाते.

याचा अर्थ साधा आहे. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्याचे वर्तमानपत्र म्हणजे गाणे. ज्याला व्यासपीठ मिळत नव्हते, त्याचे व्यासपीठही तेच. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कष्टाची कामे करता करता मोठेपणी ते अक्षरे शिकले आणि पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली. शाळेने ज्याला वगळले, त्या माणसाला गाण्याने लेखक केले.

कलापथक म्हणजे नेमके काय?

आज ‘शाहीर’ म्हटले की फेटा, डफ आणि एक खणखणीत आवाज एवढेच चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती एका माणसाची कला नव्हती. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा’ कलापथक उभे केले. एक लिहिणारा, एक मैदान भरून टाकणारा आवाज, ढोलकी, डफ, तुणतुणे आणि मागे झील धरणारे साथीदार असा तो कारभार होता. कार्यक्रम कामगार वस्त्यांत, युनियनच्या सभांत, संपाच्या मैदानावर होत. लोक हसले नाहीत तर बतावणी बदलायची, लोकांनी झील उचलली नाही तर चाल बदलायची, अशी ती कामाची पद्धत होती. श्रोत्यांसमोर घासून घासूनच गाणे पक्के होई.

‘माझी मैना’चे बळही इथेच आहे. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरणारा मुंबईतला कामगार, हा विषय गिरणगावातल्या प्रत्येक खोलीतला होता. त्या विरहातून गाणे अलगद सीमाभागाच्या विरहावर येते. बेळगाव-कारवारचा प्रश्न भाषणातून समजावून सांगावा लागला असता, गाण्याने तो घरातला केला. वाटेगावच्या, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या माणसाने हे केले. पण त्याच्यामागे माटुंग्याच्या लेबर कॅम्पसारखी वस्ती होती, पक्ष होता, युनियन होती आणि सोबत दोन तेवढेच ताकदीचे शाहीर होते. मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले तेव्हा याच मंडळींनी तमाशाचे ‘लोकनाट्य’ केले आणि प्रयोग चालू ठेवले.

हे फक्त कम्युनिस्टांपुरते नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट यांच्यासारखे कवी होते आणि निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत तिथूनच पुढे आले. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणले आणि गाण्यांनी भरलेले हे नाटक वस्त्या-गावांत पोहोचले. प्रत्येक वेळी गाण्याच्या मागे एक संघटना होती आणि ती संघटना कलावंतांना शिकवत, फिरवत व सांभाळत होती.

आजचे तरुण खरेच उदासीन आहेत?

उदासीनतेच्या बाजूने दाखवण्यासारखे पुरावे आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात १८-१९ वयोगटातल्या सुमारे १.८ कोटी मतदारांची नोंद झाली होती. लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहिले तर हे प्रमाण त्या वयाच्या तरुणांच्या ४० टक्क्यांहूनही कमी भरते.

पण रस्त्यावरचे चित्र वेगळे आहे. कोपर्डीच्या घटनेनंतर ऑगस्ट २०१६ पासून निघालेल्या मराठा क्रांती मोर्चांत लाखो तरुण-तरुणी होत्या. मार्च २०२१ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा तोंडावर पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात हजारो विद्यार्थी काही तासांत रस्त्यावर उतरले. परीक्षेची नवी तारीख सरकारला लगेच जाहीर करावी लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे वसाहतीत रात्रीतून दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा अडवायला गेलेल्यांत आणि अटक झालेल्यांत विद्यार्थी होते. या पिढीला ‘काही पडलेले नाही’ असे म्हणणे कठीण आहे.

यातली मराठा मोर्चांची गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. राज्यात एका पिढीने पाहिलेले हे सर्वांत मोठे मोर्चे मूक होते. घोषणा नाही, नेत्याचे भाषण नाही, शाहिरी नाही. मुलींनी निवेदन द्यायचे, राष्ट्रगीत म्हणायचे आणि घरी जायचे. ही शांतता ठरवून पाळलेली शिस्त होती, तिचा प्रभावही मोठा होता. पण त्यातून हेही दिसले, की लाखो माणसे एकत्र येऊनही त्यांच्यात एकही गाणे जन्माला न येणे आता शक्य आहे. म्हणजे अभाव तळमळीचा नाही, तळमळीला गाण्याचे रूप देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

ही व्यवस्था मोडली कधी?

पहिला मोठा घाव गिरणगावात बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुढे त्या जमिनींवर मॉल व टॉवर उभे राहिले. याची चर्चा बहुधा रोजगाराच्या अंगाने होते. पण त्याबरोबर भजनी मंडळे, शक्ती-तुरा, कामगार रंगभूमी, चाळीतल्या गॅलऱ्या आणि गेटसभा हे सगळेच विस्कटले. शाहिराला हजार माणसे एका ठिकाणी, एका वेळी, एकाच प्रश्नाने ग्रासलेली मिळत होती. ती माणसे विरार-बदलापूरपर्यंत पांगली. कामगार कलावंतांचे हक्काचे ठिकाण असलेले परळचे दामोदर नाट्यगृहही शंभरी ओलांडल्यावर पुनर्विकासासाठी बंद झाले.

आजचा तरुण कामगार डिलिव्हरी करतो, कॅब चालवतो किंवा कंत्राटावर गोदामात राबतो. त्याचे प्रश्न कमी नाहीत. पण त्याचा सहकारी रोज बदलतो आणि त्याचा ‘साहेब’ म्हणजे मोबाइलमधले ॲप असते. जेवणाच्या सुट्टीत गेटवर जमणारी गर्दीच नसेल, तर तिच्यासाठी डफ कोण वाजवणार?

महाविद्यालयांत काय बदलले?

दुसरा घाव कमी चर्चेत असतो. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. त्यानंतर निवडणुकांतल्या हिंसेचे कारण देऊन राज्यातल्या महाविद्यालयांतील थेट विद्यार्थी निवडणुका थांबवण्यात आल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत रूढ झाली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, पण अंमलबजावणी सतत पुढे ढकलली गेली.

हिंसा रोखण्याचा हेतू चुकीचा नव्हता. परिणाम मात्र मोठा झाला. सभा भरवणे, भूमिका मांडणे, पथनाट्य बसवणे, समोरच्या गटाला गाण्यातून चिमटे काढणे, हे सगळे शिकण्याची शाळा बंद झाली. ज्या पिढीला अठराव्या वर्षी राजकारण करू दिले नाही, तिलाच तिसाव्या वर्षी अराजकीय म्हणून हिणवले जाते.

युवक महोत्सवांत पोवाडा आणि लोकगीतांच्या स्पर्धा आजही रंगतात. तिथे गळे तयार आहेत, वाजवणारे हात तयार आहेत. पण परीक्षकांना खटकेल असा विषय घेण्याचे धाडस तिथे क्वचितच होते. शासनाच्या योजना, स्वच्छता, मतदान जागृती यांसाठी माहिती खात्याच्या यादीवरची कलापथके गावोगाव फिरतात, त्यातून कलावंतांना थोडेफार मानधनही मिळते. म्हणजे कलापथक हा प्रकार मेलेला नाही. मालक मात्र बदलला आहे. जो मानधन देतो त्याच्याविरुद्ध गाणे कोण रचणार?

कायद्याचा धाक किती खरा?

तिसरे कारण भीती. शाहिरांना तुरुंग नवा नाही. पण पूर्वी सभाबंदी मोडली म्हणून काही दिवस किंवा काही महिने आत, असा हिशेब असे. आता हिशेब वर्षांचा आहे. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात तरुणांनी सुरू केलेल्या कबीर कला मंचाचे उदाहरण समोर आहे. २०११ मध्ये मंचाच्या काही जणांना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, अटक झाली. शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. गर्भवती असलेल्या शीतल साठे यांना काही महिन्यांत उच्च न्यायालयाने जामीन दिला, सचिन माळी व इतर दोघांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत जानेवारी २०१७ उजाडला. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप आहे, कलावंतांनी तो नाकारला आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. पण निकाल लागण्याआधीच तारुण्याची काही वर्षे तुरुंगात जातात, हे गावातला डफ वाजवणारा मुलगा आणि त्याचे आईबाप पाहत असतात.

२०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर आणि महागाईवर रॅप करणाऱ्या दोन मराठी तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांच्यामागे ना युनियन होती ना पक्षाचे कलापथक. गाणे समाजमाध्यमावर गाजले, पोलीस ठाण्यात मात्र त्यांना स्वतःच जावे लागले. विरोधी पक्षाचे काही नेते नंतर पाठीशी उभे राहिले, पण ते गाणे आपल्या सोयीचे होते म्हणून. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावरही हाच आक्षेप घेतला गेला. त्यातली ‘बेकायदा कृत्या’ची व्याख्या शब्द आणि चिन्हांपर्यंत पोहोचत असल्याने नाटक-गाणेही तिच्या कक्षेत ओढले जाऊ शकते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. हा कायदा संघटनांच्या हिंसक कारवायांविरुद्ध आहे, अभिव्यक्तीविरुद्ध नाही, असे सरकार सांगते.

दिलासा देणारी बाजूही आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेमुळे दाखल झालेला गुन्हा रद्द केला. गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी शब्दांचा अर्थ नीट पाहावा आणि तो हळव्या, चटकन दुखावणाऱ्या मनाच्या मापाने मोजू नये, ही भूमिका न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी घेतली. प्रश्न एवढाच, की हे मत पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत कधी पोहोचणार?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या राष्ट्रीय पुरस्कार विजेत्या चित्रपटाने हा सगळा पेच २०१४ मध्येच दाखवला होता. एका वयस्क लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा खटला भरला जातो. त्यातला छळ आरडाओरडीचा नाही. तारखा पडत राहतात, एवढेच होते. त्या चित्रपटाची गाणी संभाजी भगत यांची होती, आणि शाहिराच्या भूमिकेतले वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतलेच कार्यकर्ते होते.

मोबाइलने गाणे तारले की मारले?

दोन्ही. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गात होत्या. त्यांचा आवाज राज्यभर नेला तो मोबाइलने, कोणत्याही कॅसेट कंपनीने नव्हे. ‘स्वदेसी’ या मुंबईतल्या हिप-हॉप गटाने २०१९ मध्ये आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केले. त्यात रॅप आहे, वारली गाण्याचा बाज आहे आणि जंगलावरच्या हक्काची मागणी आहे. हे पाहिले तर निषेधाचे गाणे संपले असे म्हणणारे चुकीच्या ठिकाणी शोधत आहेत, असेच वाटते. डफाच्या जागी बीट आली म्हणून गाण्याचे नाते तुटत नाही. अण्णाभाऊंनीही तमाशाचा साचा बदललाच होता.

अडचण दुसरीकडे आहे. पोवाडा वीस-पंचवीस मिनिटे चालतो. तो प्रसंग उभा करतो, कारण सांगतो, माणसाला हळूहळू तापवतो. रीलमध्ये अर्ध्या मिनिटात ठेका पकडला नाही तर बोट वर सरकते. त्यामुळे राग व्यक्त होतो, पण कारण सांगायला जागा उरत नाही. जाहिरातदारांना वादग्रस्त विषय नको असतात, म्हणून अशा गाण्यांना पैसाही कमी मिळतो. आणि ज्याला आवडते तेच पुन्हा पुन्हा दाखवले जाते. मैदानात गाणे विरोधकाच्याही कानावर पडत असे, मोबाइलवर ते बहुतेक आधीच पटलेल्यांनाच ऐकू येते.

आणखी एक बदल विषयाचा आहे. अलीकडे कोणत्याही आंदोलनाभोवती यूट्यूबवर भराभर गाणी येतात, पण त्यातली बरीचशी प्रश्नाची नसून नेत्याची असतात. नेता मागे हटला किंवा पक्ष बदलला की गाणे निकामी होते. मैनेच्या विरहाचे तसे झाले नाही, कारण ते कोणा पुढाऱ्याचे नव्हते.

पंजाबात वेगळे काय घडले?

‘आजच्या तरुणांना गाणी जमत नाहीत’ या म्हणण्याला सर्वांत ठोस उत्तर पंजाबने दिले. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात कंवर ग्रेवाल, हर्फ चीमा यांच्यासारखे गायक दिल्लीच्या सीमेवर ट्रॉलींमध्ये येऊन राहिले आणि तिथूनच नवी गाणी पसरली. ग्रेवाल यांचे ‘ऐलान’ आणि हिम्मत संधू यांचे ‘असीं वड्ढांगे’ फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारच्या तक्रारीनंतर यूट्यूबवरून काढले गेले. तरी आंदोलनातले गाणे थांबले नाही, कारण ते फक्त यूट्यूबवर नव्हते. ते ट्रॅक्टरवर, लंगरात आणि गावातल्या धरण्यावर होते.

पंजाबी तरुण मराठी तरुणांपेक्षा अधिक जागृत आहे, असा याचा अर्थ नाही. तिथे तीसहून अधिक शेतकरी संघटना गावपातळीवर जिवंत होत्या. तिथल्या गायकांना लग्नसमारंभ, परदेशातले कार्यक्रम आणि स्वतःचे चॅनेल यांतून उत्पन्न होते. त्यामुळे कोणा एका आश्रयदात्याची मर्जी सांभाळण्याची गरज नव्हती. संघटना, श्रोत्यांची जागा आणि पोटाची सोय या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि गाणे आपोआप आले. महाराष्ट्रातही याची झलक मार्च २०१८ मध्ये दिसली. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या किसान सभेच्या मोर्चात आदिवासी शेतकरी मुक्कामी आपली वाद्ये वाजवत, गात, नाचत होते. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून रात्रीतून चालत ते आझाद मैदानात पोहोचले. संघटना मजबूत होती, म्हणून शिस्तही होती आणि गाणेही.

मग तरुणांची जबाबदारी काहीच नाही?

आहे. सगळा दोष परिस्थितीवर टाकणे म्हणजे तरुणांना पुन्हा लहान मूल समजणे. आजचा कलावंत स्वतःकडे ‘आर्टिस्ट’ म्हणून पाहतो. गाण्याखाली त्याचे नाव हवे असते, चॅनेल त्याचे असते. झीलकरी व्हायला कोणी तयार नाही. शाहिरी मात्र मागे उभे राहून झील धरणाऱ्यांच्या जिवावर चालत आली. दुसरे म्हणजे अभ्यासाचा कंटाळा. गिरणी कामगाराचा पगार, मालकाचा नफा, राज्यांच्या सीमा हे सगळे समजून घेऊन अण्णाभाऊ लिहीत. व्यवस्थेला शिव्या घालणारे रॅप रचणे तुलनेने सोपे, पीकविम्याचा घोळ दोन कडव्यांत समजावणे अवघड. आणि समजावल्याशिवाय गाणे चळवळीच्या कामाचे होत नाही.

पण जुन्या पिढीकडेही हिशेब मागायला हवा. कॉलेजच्या निवडणुका बंद झाल्या तेव्हा कोण गप्प बसले? गिरण्यांच्या जमिनी विकल्या जात असताना कोणत्या पक्षांनी सह्या केल्या? कलापथके बंद करून निवडणुकीच्या प्रचाराला सिनेगीतांच्या चालीवरची भाड्याची गाणी कोणी आणली? आपल्या मुलाने वीस हजारांची नोकरी सोडून शाहिरी करतो म्हटले तर होकार देणारे किती आईबाप सापडतील? वारसा द्यायचा नाही आणि वारस नालायक निघाला म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

यात पणाला काय लागले आहे?

आंदोलन संपल्यावर मागे काय उरते, हा खरा प्रश्न आहे. शासन निर्णय फायलीत जातो, बातमी दुसऱ्या दिवशी जुनी होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. चारच दिवसांनी लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आज हा सगळा प्रसंग नव्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक आहे तो आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटामुळे आणि त्यात जपलेल्या घोगरेंच्या व इतर शाहिरांच्या आवाजामुळे. आवाज जपला गेला, म्हणून ती वस्ती आठवणीत राहिली. ज्यांचे गाणेच झाले नाही, अशा किती वस्त्या विसरल्या गेल्या असतील?

शिवाय वाचायला येत असूनही ज्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही, अशांची संख्या कमी नाही. ऊसतोडणीला जाणारी बाई, मॅनहोलमध्ये उतरणारा तरुण, परीक्षेची तारीख पाहत पुण्यात सहा वर्षे खोली करून राहिलेला मुलगा यांचे दुःख चर्चेच्या कार्यक्रमात दोन मिनिटांचे असते. ते सगळ्यांचे दुःख करण्याची ताकद आजही गाण्यातच जास्त आहे.

त्यासाठी नवा अण्णाभाऊ जन्माला येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. करण्यासारखी कामे साधी आहेत. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका कायद्यात आहेत, त्या नियमांच्या चौकटीत घेता येतील. युवक महोत्सवांतल्या पोवाड्याला विषयाचे स्वातंत्र्य देता येईल. पुनर्विकासात जाणाऱ्या प्रत्येक चाळीच्या, नाट्यगृहाच्या जागी एक परवडणारे सभागृह मागता येईल. संघटनांना आपल्या वार्षिक खर्चात ध्वनिवर्धकाच्या भाड्याइतकीच रक्कम कलापथकासाठी बाजूला काढता येईल. आणि एखाद्या पोराच्या गाण्यावर गुन्हा दाखल झालाच, तर ते गाणे आपल्या पक्षाच्या सोयीचे आहे की नाही हे न पाहता त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणारी चार मोठी माणसे उभी राहू शकतील.

पुढच्या १ ऑगस्टला ‘माझी मैना’ लागेल, तेव्हा गर्दीत काही मुले असतीलच. त्यातल्या एखाद्याच्या मोबाइलमध्ये त्याने स्वतः रचलेले, कोणाला न ऐकवलेले गाणे असण्याची शक्यता मोठी आहे. चौकातला ध्वनिक्षेपक पाच मिनिटे त्याच्या हाती द्यायला फलकावरची मंडळी तयार आहेत का, एवढेच पाहायचे.